नानांनी लावलेलं झाकण

ईशान आणि मैत्रेयी,

डिसेंबरात तुम्ही जळगावला याल तेव्हा स्वयंपाकघरातल्या फडताळात, वरून दुसऱ्या कप्प्यावर, कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी दिसेल. तिच्यावर चिठ्ठी आहे, कारण आपल्या घरात सगळ्याच बरण्यांवर चिठ्ठ्या असतात. ही बरणी तुम्हाला उघडणार नाही. जोर लावू नका, फडक्याने धरू नका, आणि फोनवर उपायही शोधू नका. सरळ खिडकीशी जा, समोरच्या घराकडे तोंड करा आणि "नाना!" अशी हाक मारा. मुख्यतः एवढंच सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

आताच का लिहिते, तेही सांगते. मे महिन्यात कॉम्प्युटरला नवीन कूलर बसवताना आपला व्हिडिओ कॉल तुटला, त्यानंतर काय झालं आणि नाना मधेच धुळ्याला का निघून गेले, हे तुम्ही दोघं सारखं विचारता. मी दर वेळी हवापाण्यावर जाते. कारण साधं आहे. तुमचा फोन येतो तेव्हा नाना शेजारच्या खुर्चीत बसून चहा पीत असतात. माणसाची गोष्ट त्याच्यासमोर कशी सांगणार? टाइप मात्र करता येते, कारण कॉम्प्युटर चालू असला की नाना अजूनही त्याच्याकडे पाठ करून बसतात.

आमच्या समोर राहणारे हे शांताराम नाना मूळचे धुळ्याकडचे. पण त्यांचं सारं आयुष्य चोपड्याच्या बाजूला केळीच्या बागांमधल्या विहिरींवर गेलं. विहिरीत पाण्याची मोटर सोडायची, बिघडली की पाइपासकट वर काढायची, दुरुस्त करून पुन्हा सोडायची, हे त्यांचं काम. अंगाने वाळके, पण मनगटं पैलवानाची. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम वायसर असतात. वायसर म्हणजे नटाखाली घालायची लोखंडी चकती. नाना येताहेत हे आम्हाला आधी कानांना कळतं, खिसा वाजतो.

बाकीची माणसं दिसेल त्याला नमस्कार करतात, नाना दिसेल ते आवळतात. नळ, कडी, बिजागरी, कुकरचं हँडल, सायकलची घंटा. आवळून झालं की एक क्षण थांबतात, त्या वस्तूकडे संशयाने बघतात आणि अहिराणीत म्हणतात, "आखो एक आटा." आखो म्हणजे आणखी, आणि आटा म्हणजे स्क्रूचा एक फेरा. हा आणखी एक आटा दिल्याशिवाय नानांचं कुठलंही काम संपत नाही. आमच्या गल्लीत एकही नळ गळत नाही. फक्त आंघोळीला जायचं असेल तर नळ उघडायला घरातला सर्वांत दांडगा माणूस आधी पाठवावा लागतो.

तुमच्या आजोबांच्या चष्म्याची काडी एकदा सैल झाली होती. नानांनी ती आवळून दिली. त्यानंतर तो चष्मा मिटलाच नाही. डबीत मावेना म्हणून आजोबा तो रात्री टेबलावर उघडाच ठेवायचे आणि म्हणायचे, "मी झोपतो, हा जागा राहील."

कोपऱ्यावरच्या रिझवानाभाभी शिवणकाम करतात. त्यांच्या मशीनचं चाक जरा डुगडुगतं असं त्या बोलता बोलता म्हणाल्या. म्हणायला नको होतं. नाना गेले, आवळून आले. दुसऱ्या दिवशी भाभी दारात उभ्या: "नाना, मशीन को साँस तो लेने दो! पाँव से चलाती थी, अब क्या बैल जोतूँ?"

आणि जामनेरला त्यांच्या भाच्याचं लग्न होतं, तेव्हा नवरदेवाच्या कपाळाला बाशिंग नानांनी बांधलं. फोटोत तो मुलगा रडतोय. पाहुणे म्हणाले, किती हळवा मुलगा! तो हळवा नव्हता. बाशिंग सोडायलाही शेवटी नानांनाच बोलवावं लागलं.

शब्दांचंही तेच. "नाना, पाचला येते," असं सांगितलं की ते विचारणार, "नक्की?" "नक्की." मग थोडं थांबून, "आखो एक आटा?" म्हणजे पुन्हा एकदा म्हणा. मी पुन्हा म्हणते, "नक्की, नाना." तेव्हा ते जातात.

या सगळ्याच्या मुळाशी एक विहीर आहे. नाना तरुण असताना चोपड्याजवळ एका बागेत मोटर सोडत होते. पाइपाच्या जोडाचा एकच नट कोणीतरी सैल ठेवला होता. मोटर, पाइप, दोर, सगळं डोळ्यांदेखत आत गेलं. बागायतदार काठावर बसून रडला. केळी ऐन भरात होती. तेव्हापासून नानांचा सैलपणावर विश्वास नाही. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की ती विहीर माझ्यासमोर खोल होत गेली. पूर्वी ती साठ हात होती. हल्ली ऐंशीच्या पुढे गेली आहे.

नानांच्या पत्नीला आम्ही अक्का म्हणत असू. ती गेली त्याला बरीच वर्षं झाली. ती होती तेव्हा दिवसभर त्यांच्या स्वयंपाकघरातून हाक ऐकू यायची: "ओ! हाई उघाडी द्या ना!" हे तेवढं उघडून द्या ना. तेलाचा डबा, हळदीची बरणी, पाण्याची बाटली, प्रत्येकाचं झाकण नानांनी लावलेलं. ही बाई दिवसातून इतक्यांदा हाका मारते, तरी हा माणूस झाकणं थोडी सैल का लावत नाही, असा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच कधी पडला नाही. अक्का गेल्यावर नाना गल्लीतल्या सगळ्यांचीच झाकणं लावून देऊ लागले.

आता मे महिन्यातल्या त्या दुपारकडे येते.

जळगावचा मे तुम्ही पाहिलेला नाही. तुमचे आईवडील तुम्हाला नेहमी थंडीत आणतात. फरशीवर पाय ठेवला की चटका बसतो. त्या उन्हात आपला कॉम्प्युटर आधी विमानासारखा आवाज करायचा आणि मग आपला आपण बंद पडायचा. ईशान, तू तिकडून निदान केलंस की प्रोसेसरवरचा कूलर निकामी झालाय, आणि नवीन मागवून दिलास. बसवणार कोण? तू म्हणालास, दुकानातून माणूस बोलाव. पण खोकं घरी आलं तेव्हा नाना इथेच होते, आणि खोक्यात स्क्रू आहेत हे त्यांना हलवूनच कळलं होतं.

मैत्रेयी, तुझ्यासाठी थोडक्यात सांगते. प्रोसेसर हे कॉम्प्युटरचं डोकं. ते तापतं म्हणून त्याच्यावर कूलर बसवतात, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा आणि वर पंखा. हे सगळं ज्या पाटीवर बसतं तिला मदरबोर्ड म्हणतात. पाटी पातळ असते आणि तिच्यावर केसासारख्या बारीक रेषा असतात. त्यांतली एक जरी तुटली तरी काम संपलं. ही माहिती मला नंतर मिळाली.

कूलरच्या चारही स्क्रूंवर एकेक छोटी स्प्रिंग होती. दाब बेताचा राहावा म्हणून ती असते. नानांनी एक स्प्रिंग दोन बोटांत दाबून पाहिली.

"ही कशाला? पॅकिंगची असेल."

"नाना, ईशानला विचारू या."

"वहिनी, स्प्रिंग राहिली तर आवळलं कुठं? ते तर हालतच राहीन." आणि त्यांनी चारही स्प्रिंगा काढून वाटीत ठेवल्या, खिशात हात घातला आणि त्यांच्या जागी वायसर घातले.

ईशान, मी एका हाताने बॅटरी आणि दुसऱ्या हाताने तुझा चेहरा, म्हणजे फोन, धरून उभी होते. तू सांगत होतास, "नाना, स्क्रू फिरायचा थांबला की आपणही थांबायचं."

"भाऊ," नाना तुला म्हणाले, "तो थांबतो ना, तिथून खरं आवळणं सुरू होतं."

आणि तेवढ्यात नेटवर्क अडकलं. तू पडद्यावर तोंड उघडं आणि हात वर, असा थिजून राहिलास.

"नाना, तो काहीतरी म्हणतोय."

"शाबास म्हणत असेल," नाना म्हणाले. स्क्रूकडे एक क्षण संशयाने पाहिलं. "आखो एक आटा."

भाजलेला पापड मोडावा तसा आवाज झाला. लगेच स्क्रूवरचा पेचकस घसरला आणि त्या बारीक रेषांवरून खर्रकन ओरखडा ओढत गेला. पाटीला एका कोपऱ्यापासून चीर पडलेली मला बॅटरीच्या उजेडात स्वच्छ दिसली. कूलर मात्र जागचा हलला नाही. तो हलणार नव्हताच.

नानांनी पेचकस खाली ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, हाई काय व्हयनं?"

"बोर्ड मोडला, नाना."

"यामा काय होतं?"

मी विचार न करता उत्तर दिलं, "माझं लिहिलेलं सगळं. मुलांसाठी लिहितेय ते." आणि लगेच पुढे म्हटलं, "पण ते वेगळ्या डिस्कवर असतं, नाना. त्याला काही होत नाही. शिवाय मी दुसरीकडेही ठेवलंय." मी कुठलीच गोष्ट एका जागी ठेवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण नानांनी पहिलं वाक्य ऐकलं होतं आणि दुसरं त्यांना मनधरणी वाटली. त्यांच्या धंद्यात मोटर जळाली की आतलं सगळं जळतं.

"बठ्ठं गयं," ते म्हणाले. सगळं गेलं. चहा तसाच ठेवून उठले. जाताना आमचं फाटक त्यांनी नुसतं लोटलं, आवळलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराला कुलूप होतं. रिझवानाभाभी आल्या आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यासमोर ठेवलं. "नाना धुलिया गए, बेटे के पास. जाते-जाते अपने पाने हमारे मियाँ को दे गए. बोले, अब मेरे काम के नहीं." आत नानांचे नट आवळायचे पाने होते, पेचकस होता, आणि वायसरांची पुरचुंडी होती. भाभींनी विचारलं, "आपा, आदमी अपना खीसा ऐसे खाली करके जाता है क्या?"

मी धुळ्याला फोन लावला. नानांचा मुलगा प्रवीण म्हणाला, "काकू, नाना म्हणतात, आता इथेच राहतो. जळगावचं घर भाड्याने देऊन टाकू." त्याला आनंद झाला होता, आणि त्यात त्याचं काही चूक नव्हतं. किती वर्षं तो वडिलांना बोलवत होता. मग सुनेने, वैशालीने, फोन घेतला आणि ती स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात बोलू लागली. "काकू, आमच्या बेसिनचा नळ गळतो. मला वाटलं, नाना आल्या आल्या बघतील. ते त्याच्याकडे बघतात आणि खाली बादली ठेवतात."

नाना आणि बादली! हे ऐकून मी खुर्चीत बसले. मोडलेल्या बोर्डाचं मला फारसं दुःख नव्हतं. बोर्ड दुसरा मिळतो. पण "माझा हात गेला" असं एकदा मनाने घेतलेला माणूस दुसरीकडे जाऊन नुसता बसून राहिला, की हळूहळू तो बसलेलाच राहतो. मी हे माझ्या माहेरी पाहिलं आहे. नाना परत येतात की नाही, एवढाच प्रश्न आता उरला होता.

कॉम्प्युटर रिक्षात घालून मी स्टेशनजवळच्या दुकानात नेला. दुकान चालवणाऱ्या पल्लवीने डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली. माझे सगळे फोल्डर क्रमाने समोर आले, 'बालपण' पासून 'लोणची' पर्यंत. मला हुश्श झालं. प्रोसेसरही बहुधा शाबूत असेल, ती म्हणाली, पण तो कूलरखाली अडकलाय. मग तिने कूलर काढायला घेतला. स्क्रू फिरेनात. तिने ओढून पाहिला, तिच्या भावाने ओढून पाहिला, शेजारच्या मोबाइलवाल्यानेही हात लावला. शेवटी तिने मला विचारलं, "मॅडम, याला वेल्डिंग केलंय का?"

"नाही. आमच्या नानांनी बसवलाय."

"मग जाऊ द्या. सगळं नवीनच घ्या."

त्याच वेळी मला काय करायचं ते सुचलं. मी म्हटलं, "नाही. हाच निघाला पाहिजे." ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. म्हाताऱ्या बायका हट्टी असतात, असं तिच्या मनात आलं असणार. मी तिला तसं समजू दिलं.

इकडे गल्लीही सैल पडत चालली होती. सोसायटीच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडालं. आमच्या फाटकाची कडी नुसत्या हाताने उघडू लागली. रिझवानाभाभींचं मशीन हलकं चालायला लागलं आणि त्यांनाच करमेना. "अब तो आवाज भी नहीं करती," त्या कुरकुरल्या.

सकाळच्या एसटीने मी धुळ्याला निघाले. मांडीवर पिशवी, पिशवीत कूलर चिकटलेला मोडका बोर्ड, त्या चार स्प्रिंगा डबीत चिठ्ठी लावून, नानांचे पाने, आणि ही लोणच्याची बरणी. बरणीचं झाकण नानांनी त्या घटनेच्या आदल्या दिवशी लावलं होतं. पारोळ्याला एक बाई शेजारी येऊन बसली.

"काय शे वं माय पिशवीमा? वास येस."

"लोणचं आहे."

तिने हक्काने बरणी बाहेर काढली आणि झाकणाशी झटापट केली. "हाई ते उघडस नई!"

"म्हणून तर धुळ्याला चाललेय."

"झाकन उघाडाले धुयाले चालनी का वं?" तिने मागच्या सीटवरच्या बाईला हे सांगितलं, मागचीने तिच्या मागचीला. धुळे येईपर्यंत बसमधल्या निम्म्या बायकांनी ती बरणी उघडून पाहिली. कोणालाच उघडली नाही. मला नानांचा अभिमान वाटला.

प्रवीणचा फ्लॅट देवपुरात आहे. नाना खिडकीशी बसले होते. मला बघून उठले, पण त्यांचा खिसा वाजला नाही. बेसिनवर नळ टप टप करत होता. मी बरणी त्यांच्यासमोर ठेवली.

"नाना, ही उघडत नाही."

नानांनी हात पाठीमागे घेतले. "झाकण गरम पाण्यात धरा, वहिनी. उघडेल."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत हा उपाय त्यांनी मला कधी सांगितला नव्हता. तसा तो मला लग्नाच्या आधीपासून ठाऊक होता, आणि हे मीही त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

"गरम पाणी करत बसायला मी धुळ्याला आले नाही," मी म्हटलं. "उघडून द्या."

"वहिनी, मना हात गया."

"बरणीला ते माहीत नाही."

वैशाली स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती. नानांनी बरणी घेतली. एक श्वास घेतला, मनगट फिरवलं, आणि झाकण असं सुटलं की लोणच्याचा वास सगळ्या खोलीभर पसरला. ते स्वतःच चकित झाले. पिशवीतल्या दुसऱ्या वस्तूकडे तेव्हा त्यांचं लक्ष गेलं.

"हाई कसाले आणं वहिनी? मोडेलं शे ना ते?"

"मोडलंय. पण कूलर निघत नाही. दुकानातल्यांनी हात टेकले."

नाना पुढे झुकले. "निंघस नई?" त्या दोन शब्दांत पहिल्यांदा जुने नाना ऐकू आले. "कोणालाच?"

"कोणालाच. वेल्डिंग केलंय का म्हणून विचारत होते."

हे त्यांना आवडलं. त्यांनी हात पुढे केला आणि मी त्यावर त्यांचा पेचकस ठेवला. स्क्रूची डोकी झिजून गुळगुळीत झाली होती. नानांनी पेचकस त्यावर टेकवून वरून तळहाताने एकच ठोका दिला. मग मला म्हणाले, "अडकेलं सोडायचं असलं ना वहिनी, तर आधी केसभर आवळावं लागतं. तेव्हा ते पकड सोडतं." आणि स्क्रू आवळता आवळता त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "आखो एक आटा." मग उलटा फेरा. एक सुटला. दुसरा. चारही सुटले. कूलर उचलून त्यांनी बाजूला ठेवला. खाली प्रोसेसर धडधाकट होता.

पण चीरही तिथेच होती. ती बघून त्यांचा चेहरा पुन्हा पडला. "तुमचं लिखाण, वहिनी..."

आता मी फोन काढला, फोल्डर उघडला आणि वाचायला सुरुवात केली. कुठलं पान वाचायचं ते मी बसमध्येच ठरवलं होतं. "'आमचे शेजारी नाना तरुणपणी चोपड्याजवळ एका बागेत मोटर सोडत होते. विहीर साठ हात खोल होती...'"

"साठ?" नाना ताठ बसले. "साठ कोण म्हणे? शंभर हात! तुम्ही चुकीचं लिहिलं."

"तुम्हीच सांगितलं होतं, नाना."

"खोडा ते. शंभर लिहा." आणि मग ते थांबले. मी वाचत असलेल्या फोनकडे बघितलं, मोडक्या बोर्डाकडे बघितलं, पुन्हा फोनकडे. "म्हणजे शे? बठ्ठं शे?"

"सगळं आहे, नाना."

"नक्की?"

"नक्की."

"आखो एक आटा?"

"नक्की, नाना."

ते मागे टेकून बसले आणि एवढा मोठा श्वास सोडला की खिडकीचा पडदा हलला, असं वैशाली अजून सांगते. मग चहा झाला, चहाबरोबर भाकरी आणि लोणचं झालं. खाऊन झाल्यावर नानांनी बरणी ओढून घेतली आणि बोलता बोलता झाकण लावलं. सवयीने, पूर्ण ताकदीने.

वैशाली हसत म्हणाली, "अहो नाना, पुन्हा इतकं घट्ट? काकूंना उघडणार कसं?"

नाना बरणीकडेच बघत होते. झाकणावरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "सैल झाकन माणूस आपलं आपण उघाडी लेस, बेटा. मंग हाक कोन मारी?"

तुम्हाला अहिराणी येत नाही म्हणून मराठीत लिहिते. सैल झाकण माणूस स्वतःच उघडतो, मग हाक कोण मारणार? वैशाली कपबशा उचलू लागली. मीही माझ्या पिशवीतलं सामान नीट लावू लागले. माझ्या कानात अक्काची हाक येत होती.

आम्ही संध्याकाळच्या बसने निघालो, दोघंही. निघताना नाना बेसिनपाशी गेले, बादली उचलून बाजूला ठेवली आणि नळ आवळला. टप टप थांबलं. प्रवीण तेव्हाच कामावरून आला होता. त्याने नळ उघडून पाहिला. उघडेना.

"नाना, आता हा उघडणार कोण?"

"रविवारी येतो ना मी," नाना म्हणाले. "उघडून देईन."

"नक्की?" प्रवीणने विचारलं. तो त्यांचाच मुलगा आहे. आता नाना दर रविवारी धुळ्याला जातात, आणि वैशाली भांडी बाथरूममधल्या नळावर घासते.

नवीन बोर्ड आला तेव्हा कूलर पुन्हा नानांनीच बसवला. ईशान, ते तू पाहिलंस. चारही स्प्रिंगा त्यांनी स्वतः डबीतून काढून घातल्या. स्क्रू थांबला तसे तेही थांबले, पेचकस हवेत धरून. तुला वाटलं पुन्हा नेटवर्क अडकलं. नेटवर्क ठीक होतं. नाना मनातला तो आटा गिळत होते.

तेव्हा डिसेंबरात मी सांगितलंय तसं करा. गरम पाण्याचा उपाय तुम्हाला आता कळला आहे, तो वापरू नका. हाक मारा. नाना रस्ता ओलांडून येतील, बरणी उघडून देतील, तुम्ही लोणचं घ्या आणि बरणी पुन्हा त्यांच्याच हातात द्या. मोडका बोर्ड त्यांच्या पुढच्या खोलीत खिळ्याला टांगलेला दिसेल. त्याबद्दल विचारलंत तर ते विहिरीची गोष्ट सांगतील. हात मोजू नका.

कॉम्प्युटर चालतो, हे मी त्याच्यावरच लिहिते आहे. लिहिलेलं सगळं जागेवर आहे. लोणचं निम्मं संपलं, झाकण घट्ट आहे, आणि नाना अजून समोरच राहतात.